आऊट ऑफ द पार्क बेसबॉल: पोरं विकायची का ठेवायची, डोक्याला लै खुराक

आपल्याकडं बेसबॉल कोण बघतंय म्हणा, पण मॅनेजर टाइप गेमचा ज्याला नाद आहे त्यानं ही घ्यावीच. बॅट फिरवायची नाही, बॉल टाकायचा नाही, तुम्ही जनरल मॅनेजर, म्हणजे टीम बांधणारा गडी, आणि समोर आकडेच आकडे, ग्राफिक्स बघायचे असतील तर लांबच राहा. एकट्यानं खेळायला ऑफलाइन चालते, त्यामुळं नेट गेलं तरी अडत नाही (आमच्या गल्लीत ते रोजचंच).

खरी मजा ट्रेडच्या, म्हणजे गड्यांच्या अदलाबदलीच्या स्क्रीनवर. एकीकडं आपले गडी, एकीकडं त्यांचे, आणि एक बटण आहे, ते दाबून समोरच्याला विचारायचं की सौदा जमायला अजून काय पाहिजे. मी एक तयार पिचर (बॉल टाकणारा) मागितला, वय ३३, करार सीझनअखेर संपणारा, तर कॉम्प्युटरनं थेट माझा १९ वर्षांचा शॉर्टस्टॉपच (मोक्याच्या जागेचा फिल्डर) मागितला की! पोरगं अजून मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पायरीवर, आजचं रेटिंग बघितलं तर काहीच नाही, पोटेन्शियल, म्हणजे पुढं कुठवर जाईल ते, मात्र ७०. स्केल २० ते ८०, खरे स्काउटही (गडी हेरणारे) हेच वापरतात. पण ते ७० म्हणजे तुमच्या स्काउटचा अंदाज, गॅरंटी नाही. आणि पोराला एवढा भाव का, तर वर खेळायला लागल्यावर साधारण सहा वर्षं तो टीमच्याच हातात राहतो आणि त्यातली पहिली तीन जवळपास किमान पगारात.

जुने सीझनही खेळता येतात, १८७१ पासूनचे. मी १९८७ ची डेट्रॉइटची टीम घेतली. खऱ्यात त्यांनी ऑगस्टमध्ये ३६ वर्षांचा पिचर डॉयल अलेक्झांडर आणला, त्यानं ९ जिंकल्या, एकही हरला नाही, डेट्रॉइटनं डिव्हिजन (लीगमधला आपला गट) मारलं, आणि मग प्लेऑफमध्ये हाच गडी दोन्ही मॅच हरला. बदल्यात दिलेलं पोरगं म्हणजे जॉन स्मोल्ट्झ, तेही डेट्रॉइटच्याच मिशिगन राज्यातलं, २०१५ ला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत गेलं. म्हटलं आपण हा ट्रेड करायचाच नाही. तर माझ्या गेममध्ये स्मोल्ट्झचा खांदा गेला आणि डिव्हिजनपण गेलं. घ्या आता!

कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या कट्ट्यावर फुटबॉलच्या दर सीझनला हीच तर भांडणं असतात, बाहेरनं गडी आणायचा का तालमीतल्या पोराला उतरवायचं. फरक एवढाच की आपल्यात बाहेरचा आणला तर आपलं पोरगं बेंचवर बसतं, तिकडं ते विरोधी टीमला देऊन टाकायला लागतं आणि मग पुढं पंधरा वर्षं तेच तुम्हाला धुतंय.

माझं मत म्हणाल तर विकावीत, पण कधी, एकाच गड्यानं टीम पुरी होत असेल तेव्हा. २०१६ ला शिकागो कब्जनं ग्लेबर टोरेससारखं पोरगं देऊन यांकीज टीमकडनं पिचर चॅपमनला जेमतेम तीन महिन्यांसाठी आणलं, वर्ल्ड सिरीज (सीझनची फायनल) जिंकली, १९०८ नंतर पहिली. चॅपमन हिवाळ्यात परत यांकीजकडंच गेला, म्हणजे त्यांना टोरेसपण मिळाला आणि चॅपमनपण. तरी शिकागोत कोण रडलं असेल असं मला वाटत नाही. पण पाचव्या नंबरवरच्या टीमनं असलं धाडस केलं तर तो नुसता येडेपणा. आणि द्यायचंच तर तरुण पिचर आधी द्या, त्यांचे हात कधी जातील नेम नाही, शॉर्टस्टॉप धरून ठेवा.

त्या ३३ वाल्याला मी नाही म्हटलं.

घेताना मागच्या वर्षीची आवृत्ती सेलमध्ये बघा, स्वस्तात पडते आणि शिकायला तेवढी बास आहे. सेटिंगमध्ये ट्रेडिंग अवघड ठेवा. शिवाय कॉम्प्युटरच्या टीमांनी जुन्या गड्यांना जास्त भाव द्यायचा का पोरांना, हेही तिथंच ठरवता येतं, ते पोरांकडं झुकवून बघा, एक पोरगं सोडवून घ्यायला घाम फुटतोय.