कॅडिलॅक की लिंकन? बाप एकच

अमेरिकेच्या या दोन आलिशान गाड्यांचा जनक एकच, हेन्री लेलँड. १९०२ मध्ये हेन्री फोर्ड स्वतःच्याच नावाची कंपनी सोडून गेले. तिच्या उरलेल्या भागातून लेलँडनी कॅडिलॅक उभी केली. नाव घेतलं डेट्रॉइट वसवणाऱ्या फ्रेंच सरदाराचं.

लेलँड मोजमापाच्या बाबतीत कमालीचे काटेकोर. १९०८ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सला तीन कॅडिलॅक पूर्ण खोलल्या, सुटे भाग एकमेकांत मिसळले आणि त्यातून पुन्हा तीन गाड्या जोडल्या. कानस न लावता! तिन्ही ५०० मैल धावल्या. त्या काळी प्रत्येक भाग हाताने घासून बसवत, म्हणून मला हा पराक्रम सगळ्यात मोठा वाटतो. १९१२ मध्ये विजेचा स्टार्टर आला आणि हँडल मारताना हात मोडायची भीती गेली.

लिंकनचा जन्म युद्धातला. १९१७ मध्ये लेलँडनी कॅडिलॅकची मालक झालेली जनरल मोटर्स सोडली आणि विमानांची लिबर्टी इंजिनं बनवायला ही कंपनी काढली. युद्ध संपल्यावर गाड्या केल्या, पण पैसा आटला. १९२२ मध्ये ८० लाख डॉलरला ती विकत घेतली हेन्री फोर्ड यांनीच. काही महिन्यांत लेलँडना बाहेर पडावं लागलं. हे वाचताना आजही वाईट वाटतं.

यंत्रासाठी माझं मत कॅडिलॅकला. रूपात मात्र १९६१ ची लिंकन कॉन्टिनेंटल सरस: सरळ, शांत रेषा आणि मागच्या कडेला बिजागरी असलेले मागचे दरवाजे. १९५९ च्या कॅडिलॅकचे उंच शेपटीपंख तिच्यापुढे भडक दिसतात.