ब्रिटनमधली राइट टू वर्क चेकची सरकारी वेबसाइट : छोट्या मालकासाठी कशी आहे?

लंडनजवळच्या स्लावमध्ये माझं केटरिंगचं किचन आहे. भाजी चिरायला, भांडी घासायला, डिलिव्हरीची गाडी चालवायला माणसं लागतात, आणि दिवाळी ते नाताळ या दिवसांत जास्तच लागतात. नव्या माणसाला कामावर घेण्याआधी त्याला या देशात काम करण्याचा कायदेशीर हक्क आहे का, हे तपासणं मालकाचं काम. या तपासणीसाठी होम ऑफिसची, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याची, जी मोफत ऑनलाइन सेवा आहे, ती मी सतत वापरते. आपल्या लोकांपैकी बरेच जण इथे दुकान, रेस्टॉरंट, नर्सरी, केअर एजन्सी चालवतात आणि या विषयाला घाबरून असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

भीती साहजिक आहे. १३ फेब्रुवारी २०२४ पासून दंड तिप्पट झाला. काम करण्याचा हक्क नसलेला माणूस सापडला, तर पहिल्या वेळी माणशी ४५,००० पौंडांपर्यंत आणि पुन्हा सापडला तर ६०,००० पौंडांपर्यंत. माझ्यासारखीचा धंदा एका पत्रात बंद पडेल. पण याच कायद्यात मालकाला संरक्षणही आहे. तपासणी नियमाप्रमाणे केली, पुरावा जपला आणि जाणूनबुजून चुकीचा माणूस ठेवला नाही, तर पुढे काहीही निघालं तरी हा दंड लागत नाही. ते संरक्षण मिळवायची सगळ्यात सरळ वाट म्हणजे ही वेबसाइट.

वापरायला ती खरंच सोपी आहे. व्हिसावर असलेला माणूस आपल्या यूकेव्हीआय खात्यात (होम ऑफिसच्या व्हिसा विभागाच्या ऑनलाइन खात्यात) जातो आणि शेअर कोड काढतो. नऊ अक्षरांचा कोड, कामासाठीचा असेल तर डब्ल्यूने सुरू होणारा, नव्वद दिवस चालणारा. तो कोड, त्याची जन्मतारीख आणि आपल्या कंपनीचं नाव एवढंच मी मालकांसाठीच्या पानावर भरते. समोर त्याचा फोटो, नाव, काम करता येतं का, कधीपर्यंत आणि कोणत्या अटींवर, हे सगळं एका पानावर येतं. ते पान पीडीएफ करून ठेवायचं. झालं. इंटरनेट धड असेल तर चहा गार व्हायच्या आत काम होतं, आणि एक पैसाही लागत नाही.

एक गोष्ट ठळकपणे सांगते, कारण इथेच लोक गडबडतात. मुलगा आपल्या मोबाइलवर स्वतःचं ई-व्हिसाचं, म्हणजे ऑनलाइन व्हिसाचं, पान दाखवतो आणि म्हणतो, ‘ताई, हे बघा, सगळं आहे.’ ते बघणं म्हणजे तपासणी नव्हे. कोड घेऊन मालकांच्या पानावर आपणच जायचं. जुनं गुलाबी बीआरपी कार्ड (परदेशी माणसाचा राहण्याचा परवाना) पुढे केलं तरी तेच. ती कार्डं राइट टू वर्कसाठी ६ एप्रिल २०२२ पासूनच चालत नाहीत.

दुसरी गोष्ट, फोटो. पानावर आलेला चेहरा आणि समोरचा माणूस एकच आहे का, हे मालकाने स्वतः बघायचं असतं, प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर. हे काम वेबसाइट करत नाही. मागे एक मुलगी मदतनीस म्हणून आली. फोटोत लांब केस, समोर बॉयकट आणि चष्मा. मी तिला चष्मा काढायला सांगितला, उजेडात खिडकीपाशी उभं केलं, भुवया, हनुवटी, कानाची ठेवण नीट पाहिली. तीच होती. तिला त्यात अपमान वाटला नाही, कारण हे का करते ते मी आधी सांगितलं होतं. मला या सेवेतला हा भाग महत्त्वाचा वाटतो. कोड खरा असून माणूस दुसरा, हा प्रकार पकडायला आपले डोळेच लागतात.

विद्यार्थी असतील तर अटींची ओळ दोनदा वाचा. पदवी किंवा वरचं शिक्षण असेल तर सहसा सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास, पदवीखालचा कोर्स असेल तर दहा. सत्र कधी, सुट्टी कधी, हे या पानावर येत नाही. कॉलेजकडून तारखांचा कागद मागून तो फाइलला लावावा लागतो. पुण्या-नाशकाहून आलेली पोरं ‘जास्त तास द्या ना काकू’ म्हणून मागे लागतात, भाड्याची ओढाताण मला दिसत असते. तरी देऊ नका. दंड आपल्याला होईल, पण व्हिसा त्यांचा जाईल.

आता उणीव. ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांना ही सेवा उपयोगाची नाही, कारण त्यांना शेअर कोडच मिळत नाही. त्यांचे मूळ कागद हातात घेऊन तपासायचे, प्रत काढायची, तपासल्याची तारीख लिहायची. माझ्याकडे भांडी घासायला आलेले एक गृहस्थ, साठीच्या आसपासचे, जन्म इथलाच. पासपोर्ट कधी काढलाच नव्हता. ‘मी इंग्लिश आहे, मला काय विचारता?’ असं म्हणाले. मी त्यांना बसवून सांगितलं की इथे येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारते. दुसऱ्या दिवशी ते घडीवर झिजलेला जन्मदाखला आणि आधीच्या मालकाने दिलेला पी-४५, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारा पगार-कराचा कागद, घेऊन आले. त्या पी-४५ वर नाव आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर (इथल्या सामाजिक विम्याचा प्रत्येकाचा वेगळा नंबर) होता, म्हणून ही जोडी चालते. नुसता नॅशनल इन्शुरन्स नंबर चालत नाही, ड्रायव्हिंग लायसन्सही नाही. ब्रिटिश पासपोर्टची मुदत संपलेली असेल, तर मात्र मूळ पासपोर्ट हातात घेऊन तपासल्यास चालतो.

सगळ्यांना विचारणं हा माझ्या दृष्टीने या सगळ्यातला गाभा आहे. नाव किंवा कातडी बघून काहींनाच कागद मागणं हा भेदभाव आहे आणि तोही कायद्याने गुन्ह्याइतकाच महागात पडू शकतो, केस थेट ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीच्या तक्रारींच्या कोर्टात, जाते. उलटही तितकंच खरं. ‘व्हिसावाले नकोत, कटकट नको’ म्हणून दार लावणारे मालक मला भेटतात, त्यात आपलेही असतात, आणि याचा मला मनापासून राग येतो. कटकट उरलेलीच नाही! व्हिसावाल्याची तपासणी माझ्या त्या गृहस्थांच्या तपासणीपेक्षा लवकर होते.

एका खासगी कंपनीने मला दरमहा पैसे भरून घ्यायचं ॲप विकायचा प्रयत्न केला. ‘सगळ्या स्टाफचं चेकिंग आमच्यावर सोडा.’ खोदून विचारल्यावर कळलं, त्यांची डिजिटल ओळख तपासणी फक्त चालू पासपोर्ट असलेल्या ब्रिटिश आणि आयरिश लोकांपुरती. बाकीच्यांसाठी तेही याच मोफत सरकारी पानावर जाणार होते. शिवाय ॲप वापरलं तरी चेहरा ताडून बघणं आणि जबाबदारी मालकाचीच. शेकड्याने भरती करणाऱ्यांना कदाचित परवडेल. किचनला, दुकानाला गरज नाही.

ज्याचा व्हिसा वाढवायचा अर्ज होम ऑफिसमध्ये पडून आहे, त्याचा कोड कधी कधी काही दाखवत नाही. अशा वेळी घाईने ‘नाही’ म्हणू नका. होम ऑफिसचीच एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिस म्हणून वेगळी सोय आहे, तिथे विचारणा करायची. होकार आला तर पॉझिटिव्ह व्हेरिफिकेशन नोटिस मिळते आणि त्यावर सहा महिने संरक्षण असतं. उत्तर येईपर्यंत माणूस अधांतरी राहतो, घरभाडं थांबत नाही, म्हणून विचारणा उगाच लांबवू नका.

कामगाराच्या बाजूने एक अडचण राहते. खात्यात शिरायला मोबाइलवर किंवा ईमेलवर आकडा येतो. नंबर बदललेला असेल तर माणूस स्वतःच्याच खात्याबाहेर अडकतो. मी इंटरव्ह्यू ठरवतानाच फोनवर सांगते, ‘खातं उघडतंय का ते आजच बघून ठेव.’

पाचपैकी साडेचार देईन. अर्धा गुण एवढ्यासाठी कापला की मुदतीच्या व्हिसावरच्या माणसाची पुन्हा तपासणी मुदत संपण्याआधी करायची असते, आणि ती तारीख लक्षात ठेवणं मालकावरच आहे. मी पीडीएफ सेव्ह करतानाच मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये दोन महिने आधीची आठवण टाकते. नोकरी सुटल्यावरही ती फाइल दोन वर्षं ठेवावी लागते, तेव्हा लॅपटॉप बदलताना आधी तो फोल्डर हलवा.