महिन्याला ४० तास एकांत : आठ महिने वापरल्यानंतर

शुक्रवारी संध्याकाळी ६ ते रविवारी सकाळी १०. सोलापुरातच, एका रिकाम्या खोलीत, महिन्यातून एकदा. प्रकार एवढाच. आठ महिन्यांनंतर पाचपैकी चार गुण देतो. कापलेला एक गुण एकांताचा नाही, सोलापूरच्या उन्हाचा आणि पाण्याचा आहे.

४० तासच का? नुसता रविवार पुरत नाही. पहिले १०-१२ तास शरीर थकलेली झोप वसूल करतं. मग शनिवारी सकाळी ११ च्या सुमारास कंटाळा चढतो आणि ३ पर्यंत उतरत नाही. डोकं खरं शांत होतं ते त्यानंतर. एकाच दिवसाचा बेत असेल तर नेमकं तेव्हाच उठून घरी जायची वेळ होते. शनिवारची दुपार ही या सगळ्यातली सर्वांत वाईट वेळ, हे आधी माहीत असलं की माणूस पळत नाही.

ठिकाणाबद्दल. गावाला गेलेल्या नातेवाइकांचा बंद फ्लॅट किंवा घराची माडी भक्त निवासापेक्षा बरी. अक्कलकोट ४० किलोमीटरवर आहे आणि अन्नछत्रामुळं जेवणाची चिंता नाही, पण गुरुवारी आणि सुट्टीच्या दिवशी तिथं एकांत शोधणं म्हणजे मंगळवार पेठेत शांतता शोधणं. तुळजापूरला पौर्णिमा टाळा, पंढरपूरला एकादशी. शिवाय बऱ्याच ठिकाणी एकट्या माणसाला खोली द्यायला का-कू करतात, बाई एकटी असेल तर जास्तच. आधी फोन करून स्पष्ट विचारा आणि आधार कार्ड मूळ न्या. इगतपुरीच्या विपश्यनेशी तुलना नेहमी होते. ती गोष्ट वेगळी. तिथं दहा दिवस, शिकवणारे असतात, वाचन-लेखन बंद. इथं वही हेच मुख्य साधन आहे.

खोली स्लॅबखालची, सगळ्यांत वरच्या मजल्याची नको. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर गेला की स्लॅब रात्री उशिरापर्यंत आग ओकतो. जुनं धाब्याचं घर मिळालं तर नशीब. उन्हाळ्यात कूलर छान चालतो, कारण हवा कोरडी असते; त्याच्या घरघरीत रस्त्याचे हॉर्नही बुडतात. पावसाळ्यात तोच कूलर खोली दमट करतो, तेव्हा नुसता पंखा लावा.

सगळ्यांत जास्त बिघडतं ते फोनमुळं. ‘घड्याळापुरता जवळ ठेवतो’ हे चालत नाही. स्वस्तातलं वेगळं घड्याळ घ्या. स्मार्टफोन बंद करून दुसऱ्याच घरी ठेवा आणि सिम बटणाच्या फोनमध्ये घाला. इथं तीन अडचणी येतात. हल्लीचं नॅनो सिम जुन्या फोनच्या खाचेत बसत नाही, अ‍ॅडॉप्टर लागतो. टूजी सेवाच नसलेल्या कंपनीचं सिम कपाटातल्या टूजी फोनमध्ये चालतच नाही. आणि ई-सिम असेल तर काढून घालायलाच काही नसतं. मग दुसरा नंबर घेऊन तो दोघांनाच द्या. ओटीपी लागणारी बिलं शुक्रवारी दुपारी संपवा. रोज संध्याकाळी ७ ला एका ठरलेल्या माणसाला एक मिस्ड कॉल द्या. कॉल आला नाही तर त्या माणसानं येऊन बघायचं. एकटं राहताना एवढी सोय हवीच.

जेवण आधी ठरवलेलं नसेल तर शनिवारी दुपारी पाय आपोआप हॉटेलकडे वळतात. आपल्याकडे कडक भाकरी आहे, यापेक्षा सोयीचं काही नाही. ८ भाकऱ्या, १०० ग्रॅम शेंगाचटणी, अर्धा लिटर दही, गूळ, फुटाणे, चार केळी. भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर पावसाळ्यात सादळते. ती फार कोरडी असते म्हणून दह्यात किंवा आमटीत चुरून खा आणि पाणी वाढवा. उन्हाळ्यात पिण्यासाठी दिवसाला ४ लिटर तरी धरा. दही उन्हाळ्यात फ्रिजबाहेर दुसऱ्या दिवशी आंबट ढाण होतं, ते शुक्रवारी-शनिवारीच संपवा. एकदाच गरम जेवण हवं तर मुगाची खिचडी : एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ, चार वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. उपवास आणि एकांत एकत्र करू नका. भुकेची चिडचिड आणि मनातली चिडचिड यांत फरक कळेनासा होतो. शुगरची गोळी घेणाऱ्यांनी तर मुळीच नको.

चहाही तेव्हाच सोडायचा नाही. रोज चार-पाच कप पिणाऱ्यानं अचानक बंद केला की साधारण १२ ते २४ तासांत डोकं दुखू लागतं, म्हणजे बरोबर शनिवारी. कमी करायचा तर आठवडाभर आधीपासून.

वहीसाठी सकाळी २० मिनिटं आणि संध्याकाळी २० मिनिटं, घड्याळ लावून. दिवसभर लिहीत बसलं की तेच ते उगाळणं सुरू होतं. पहिल्या पानावर कामांची यादी येतेच. ती येऊ द्या, पान फाडून बाजूला ठेवा आणि मग सुरुवात करा.

कंटाळ्याच्या वेळेला हाताचं काम हा सर्वांत चांगला उतारा : ज्वारी निवडणं, कुंड्यांची माती मोकळी करणं, तांब्या-पितळेची भांडी घासणं. गावाला हे नवीन नाही. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची ओळखच तळं खोदण्याच्या कामाशी जोडलेली आहे, आणि कायक, म्हणजे श्रम हीच पूजा, हा शब्द इथल्या घराघरांत आहे. ध्यानाला बसून १५ मिनिटांत उठणारा माणूस ज्वारी निवडत तासभर सहज बसतो.

फिरणं सूर्योदयाच्या आधी सुरू करा. सिद्धेश्वर तलावाचा काठ पहाटे चांगला. संक्रांतीच्या आसपास तिथं नंदीध्वजांची मिरवणूक आणि सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, तो महिना सोडून द्या. नान्नजचं माळरान मोहात पाडतं, पण ते माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे, तिथं मनाला येईल तसं हिंडता येत नाही. शनिवारची सकाळ गावाबाहेर काढायची तर भीमा-सीनेच्या संगमावरचं हत्तरसंग कुडल. शके ९४० चा मराठी शिलालेख तिथंच आहे. श्रावणी सोमवार सोडून एरवी बरीच शांतता असते. मुक्काम मात्र तिथं नको, उन्हं चढायच्या आत परत या.

घरात नुकतंच कुणी गेलं असेल किंवा मन आधीच खोल बुडालेलं असेल, तर एकट्यानं खोलीत बसणं उलटं पडतं. तेव्हा माणसं हवीत, गरज असेल तर डॉक्टर.

परतल्यावर रविवारी १२ पर्यंत स्मार्टफोन बंदच. आणि वहीतून फार तर दोन निर्णय उचलायचे. आठ-दहा उचलले की मंगळवारपर्यंत एकही उरत नाही.

तारीख ठरवताना आधी बघायचं ते पंचांग नव्हे, त्या भागात नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं ते. आपल्याकडे पाणी रोज येत नाही. शनिवारी पाळी असली तर सकाळचे दोन तास मोटार, टाकी आणि शेजारच्या काकूंच्या पाइपात जातात. शुक्रवारी पाळी असेल तो आठवडा निवडा.