दहा मीटर एअर रायफल : फाइनवेर्कबाउ, वाल्थर की अन्शुट्झ?

क्लबच्या रायफलवर सराव करून आता स्वतःची दहा मीटर एअर रायफल घ्यायला निघालेल्या नेमबाजासमोर बहुधा तीन नावे येतात : फाइनवेर्कबाउ, वाल्थर आणि अन्शुट्झ. तिन्ही जर्मन आहेत, तिन्ही काही लाखांच्या घरातल्या आहेत आणि तिन्हींच्या घडणीबद्दल क्लबांत हिरिरीने वाद घातले जातात.

प्रथम, नळी जितकी अचूक तितके गुण जास्त, हा गैरसमज दूर करायला हवा. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अवघा ०.५ मिमी व्यासाचा असला, तरी ४.५ मिमीच्या पेलेटची, म्हणजे छऱ्याची, कड त्याला स्पर्शली की दहा गुण मिळतात, म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून अडीच मिमीच्या आत पडला तरी पुरते. रायफल शिकंजात पक्की धरून, जुळणारे पेलेट वापरून या तिन्ही कंपन्यांच्या नळ्या तपासल्या, तर लक्ष्यावर पडलेल्या छिद्रांचा झुबका या मर्यादेच्या बराच आत येतो. तेव्हा कारागिरीतला फरक नळीत शोधण्यापेक्षा ट्रिगर, हवेचा दाब राखणारा रेग्युलेटर आणि खांद्याला टेकवायचा दस्ता, म्हणजे स्टॉक, यांत शोधावा.

ट्रिगर आणि एकूण यंत्रणा यांत माझा कौल फाइनवेर्कबाउकडे झुकतो. कार्ल वेस्टिंगर आणि अर्न्स्ट आल्टेनबुर्गर या माउझर बंदूक कारखान्यात काम केलेल्या दोघा अभियंत्यांनी ही कंपनी ओबेर्नडोर्फ येथे उभारली. सूक्ष्म यंत्रांची बांधणी असा नावाचाच अर्थ आहे, आणि तो तिने सार्थ केला आहे. स्प्रिंगवर चालणाऱ्या तिच्या जुन्या ३०० मालिकेत गोळी सुटताच संपूर्ण यंत्रणा रुळांवरून किंचित मागे सरकते आणि धक्का नेमबाजाच्या खांद्यापर्यंत पोहोचतच नाही. इतके हलते भाग असूनही त्या काळच्या कित्येक रायफली आजही चालू स्थितीत आहेत, आणि घडणीची याहून कठोर परीक्षा मला माहीत नाही. आजच्या मॉडेलांत दाबाखालची हवा वापरली जाते, तरी ट्रिगरचा पहिला टप्पा संपून दुसरा जिथे लागतो ती जागा बोटाला दरवेळी तीच सापडते.

वाल्थर आणि अन्शुट्झ यांची पाळेमुळे एकाच परिसरातली. अन्शुट्झ १८५६ मध्ये थुरिंगियातील मेहलिस येथे, तर वाल्थर १८८६ मध्ये लगतच्या झेला येथे सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर दोघींनी जर्मनीतलेच उल्म शहर गाठले. वाल्थर १९९३ पासून उमारेक्स समूहाकडे आहे. तिच्या एलजी ४०० मालिकेत स्टॉकचे इतके प्रकार मिळतात आणि गाल, खांदा, हात यांच्या जागा इतक्या बारकाईने बदलता येतात, की दर वर्षी उंची वाढणाऱ्या मुलामुलींसाठी मी तीच सुचवेन. अन्शुट्झचे खरे वैभव मात्र काडतुसाच्या .२२ रायफलीत आहे. ज्याला पुढे ५० मीटर थ्री पोझिशनकडे (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेमबाजी), म्हणजे स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस २०२४ मध्ये कांस्यपदक मिळवले त्या प्रकाराकडे वळायचे आहे, त्याने अन्शुट्झचा विचार अवश्य करावा, कारण दोन्ही रायफली एकाच घराण्यातल्या असल्या की हाताला पडलेले वळण फारसे मोडावे लागत नाही.

नुकती सुरुवात करणाऱ्यासाठी ठाण्याच्या प्रीसीहोलचा पर्याय आहे. खोल छिद्रे पाडणारी यंत्रे हा या कंपनीचा मूळ व्यवसाय, आणि बंदुकीची नळी म्हणजे शेवटी एक लांब, सरळ छिद्रच. तरी ट्रिगरच्या सफाईत जर्मन रायफलींशी तिची बरोबरी होत नाही. किमतीतला फरक लक्षात घेता तशी अपेक्षाही करू नये.

आपल्याकडच्या हवेचा विचार मात्र कोणत्याही कंपनीची रायफल घेताना करावा लागतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हातपंपाने रायफलीचा हवेचा सिलिंडर भरल्यास दमट हवेतले पाणी आत साचते आणि उत्तम घडणीच्या रेग्युलेटरचीही सीले त्याने बिघडू शकतात. म्हणून कोरडी हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरची सोय आणि सीले बदलून देणारा जाणकार जवळपास आहे का, हे आधी पाहावे.

वापरलेली रायफल घेत असाल, तर लाकडाची चकाकी पाहण्यापूर्वी सिलिंडरवरची तारीख वाचावी. सिलिंडरची मुदत साधारण दहा वर्षांची असते, स्पर्धेपूर्वीच्या साहित्य तपासणीत ती पाहिली जाऊ शकते, आणि नव्या सिलिंडरचा खर्च रायफलीच्या किमतीत आधीच धरलेला बरा.