सीपॅप मशीन, आठ महिन्यांनंतर: झोप लागली, वजनाचं काय?

गेल्या वर्षी माझं वजन ९१ किलो होतं. आठ तास झोपूनही दुपारी ऑफिसात डोळे मिटायचे. माहेरी गेले तेव्हा आई म्हणाली, "अगं, झोपेत तुझा श्वासच थांबत होता, घाबरून हलवलं मी तुला." तपासणीत कळलं, तासाला ३४ वेळा श्वास थांबत किंवा मंदावत होता. ३० च्या वर म्हणजे तीव्र स्लीप अ‍ॅप्निया. डॉक्टरांनी सीपॅप सांगितलं: मास्कमधून सतत दाबाची हवा येते, त्यामुळे घसा मिटत नाही.

पहिले तीन आठवडे फार त्रासाचे गेले. मास्क घट्ट केला की नाकावर वळ, सैल केला की हवा थेट डोळ्यांत. नाकपुड्यांशी टेकणारा छोटा मास्क घेतला तेव्हा कुठे निभावलं. घशाची कोरड ह्युमिडिफायरने, म्हणजे हवेला ओलावा देणाऱ्या भागाने, गेली. त्यात डिस्टिल्ड पाणीच घालते. वीज गेली की मशीन बंद पडतं, म्हणून इन्व्हर्टर हवाच. घेताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या महिन्यापासून तासाला श्वास थांबण्याचा आकडा ३४ वरून ३ च्या आसपास आला. सकाळची डोकेदुखी गेली.

आता वजन. झोप सुधारली की ते आपोआप उतरेल अशी मला फार आशा होती. साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या, जास्त वजनाच्या ८० जणांवर शिकागोच्या संशोधकांनी केलेला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची झोप तासाभराहून अधिक वाढली, त्यांचं रोजचं खाणं इतरांच्या तुलनेत सुमारे २७० कॅलरींनी घटलं. पण त्यांना झोपेचे तास कमी पडत होते, माझी झोप तुटत होती. माझं वजन तीन महिन्यांत दीड किलोने वाढलं! रडू आलं. डॉक्टर म्हणाले, सीपॅपवर थोडं वजन वाढणं नवीन नाही. रात्रभर श्वासासाठी झगडण्यात खर्च होणारी ताकद आता वाचते.

चौथ्या महिन्यापासून मात्र फरक पडला. चार वाजताची खारी-बिस्किटं सुटली, कारण ती भूक नव्हतीच, पेंग होती. सकाळी सहाला उठून पाऊण तास चालते. पूर्वी मला जिना चढवत नव्हता. रात्रीचा भात अर्धा केला. आज वजन ८६ आहे.

वजन मशीनने उतरवलं असं मी म्हणणार नाही. चालण्याइतकी ताकद मात्र त्यानेच दिली. वजन दहा टक्के उतरलं तर श्वास थांबण्याचा आकडाही साधारण पाव हिश्शाने घटतो, म्हणून ८२ पर्यंत पोचायचं आहे. तेव्हा पुन्हा तपासणी करून घेईन. तोवर मास्क रोज रात्री.