वृषण आणि अधिवृषण: शुक्राणूंचे दोन पहारे

शुक्राणू शरीराचे स्वतःचेच, तरी रोगप्रतिकारक यंत्रणेला ते परके वाटू शकतात. आपलं कोण, परकं कोण, याची ओळख तिला लहानपणीच होते आणि शुक्राणू तयार होतात वयात आल्यावर. मग त्यांना सांभाळतं कोण?

वृषणाचा मार्ग बंदोबस्ताचा. सर्टोली पेशी, म्हणजे वाढत्या शुक्राणूंना पोसणाऱ्या पेशी, एकमेकींना घट्ट बिलगून भिंत उभारतात. पण नुसत्या भिंतीवर भागत नाही. तिच्याबाहेरच्या भक्षक पेशीही आयएल-१० सारखे शामक रेणू सोडून वातावरण थंड ठेवतात. उंदरांच्या वृषणात रोपलेल्या परक्या ऊती इतर जागांपेक्षा जास्त काळ टिकल्या, त्या याचमुळे.

अधिवृषणाची अडचण मात्र वेगळी, आणि मला तीच अधिक अवघड वाटते. वृषणाला लागून असलेली, शुक्राणू जिथे पक्व होतात ती ही सुमारे 6 मीटर लांबीची वेटोळी नळी. वृषणाकडच्या टोकाला सहनशीलता हवी, शेपटीकडे, म्हणजे दुसऱ्या टोकाला, लढण्याची तयारी. कारण मूत्रमार्गातून वर चढणारे ई. कोलाय, क्लॅमिडिया हे जंतू आधी शेपटीतच पोहोचतात. इथे दाह झाला की व्रण धरतात, नळी तुंबू शकते.

वृषणाला धोका बहुधा रक्तातून येतो, वयात आल्यानंतर झालेल्या गालगुंडात येतो तसा. अशा वेळी वृषण सुजलं, दुखलं तर संकोच सोडून लगेच डॉक्टरांकडे जा.

नसबंदीनंतर निम्म्याहून अधिक पुरुषांच्या रक्तात शुक्राणूविरोधी प्रतिपिंडं सापडतात. पुढे कापलेली शुक्रवाहिनी पुन्हा जोडली तरी ही प्रतिपिंडं राहू शकतात.