पोस्टग्रेसचा सर्व्हर बॅकअपला जोडताना: बारमन की पीजीबॅकरेस्ट?

चार-पाच सर्व्हरवर पोस्टग्रेस हा डेटाबेस चालतो. आजवर रात्री २ वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) पीजी-डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत काढणारा प्रोग्राम) चालायचा आणि तेवढ्यावर भागायचं. आता डेटाबेस २०० जीबीच्या पुढे गेलाय, सकाळी ऑफिस उघडलं तरी डंप संपलेला नसतो, आणि कुणीतरी विचारतंच: दुपारी ३ ला डिस्क गेली तर सकाळपासूनच्या नोंदींचं काय? डंपकडे याचं उत्तर नाही, कारण तो फक्त त्या एका क्षणाची प्रत असतो. मग शोधाशोध सुरू होते आणि बहुतेक वेळा बॅकअपच्या दोन साधनांवर येऊन थांबते: बारमन आणि पीजीबॅकरेस्ट. दोन्ही मोफत आणि मुक्त स्रोत आहेत, आणि दोन्ही मी रोजच्या कामात वापरली आहेत. (डेटाबेस ॲमेझॉनच्या आरडीएससारख्या क्लाउड सेवेत असेल तर सर्व्हरच्या फाइली आपल्या हातात नसतात. तिथे दोन्ही चालत नाहीत.)

खरा फरक नोंदणीपासूनच, म्हणजे डेटाबेस सर्व्हर बॅकअपच्या साधनाला जोडण्यापासूनच, सुरू होतो. बारमनमध्ये नोंदणी बॅकअप सर्व्हरवर होते. प्रत्येक डेटाबेस सर्व्हरसाठी एक छोटी कॉन्फिग फाइल असते: कुठे जोडायचं, कुठल्या युजरने, बॅकअप कुठल्या पद्धतीने घ्यायचा. डेटाबेसच्या बाजूला दोन युजर तयार करायचे, त्यातल्या एकाला रेप्लिकेशनचा (होणारे बदल सतत दुसरीकडे ओढण्याचा) हक्क द्यायचा, कुणाला जोडू द्यायचं ते ठरवणाऱ्या पीजी-एचबीए फाइलमध्ये त्यांच्यासाठी ओळी टाकायच्या आणि पोस्टग्रेसचं ५४३२ पोर्ट बॅकअप सर्व्हरला उघडून द्यायचं. स्ट्रीमिंग पद्धत (नेटवर्कवरून थेट पोस्टग्रेसकडूनच सगळं ओढणं) घेतली तर डेटाबेस सर्व्हरवर एकही पॅकेज बसवावं लागत नाही. पोस्टग्रेस १० पासून लागणाऱ्या सेटिंग मुळातच चालू असतात, त्यामुळे सहसा रीस्टार्टही लागत नाही. डेटाबेसचं मशीन दुसऱ्या टीमच्या किंवा व्हेंडरच्या ताब्यात असेल, आणि तिथे काहीही बसवायचं म्हटलं की तीन मंजुऱ्या लागत असतील, तर एवढ्या एका कारणासाठी मी बारमन घेईन.

पीजीबॅकरेस्टमध्ये सर्व्हरच्या नोंदीला ‘स्टॅन्झा’ म्हणतात. इथे डेटाबेस सर्व्हरवर पॅकेज बसवणं आलंच. डेटा फोल्डरचा पत्ता, बॅकअप कुठे ठेवायचा, किती पूर्ण बॅकअप राखायचे हे कॉन्फिगमध्ये लिहायचं, पोस्टग्रेसच्या आर्काइव्ह कमांडमध्ये (बदलांच्या नोंदींची भरलेली फाइल बाहेर पाठवणारी सेटिंग) पीजीबॅकरेस्टचं नाव घालायचं आणि मग ‘स्टॅन्झा-क्रिएट’ चालवायचं. आर्काइव्ह मोड आधी बंद असेल तर तो चालू करायला पोस्टग्रेस रीस्टार्ट करावा लागतो. चोवीस तास चालणाऱ्या यंत्रणेत ही वेळ आधी मागून घ्या.

आता त्या दुपारी ३ च्या प्रश्नाकडे. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी वॉल फाइलमध्ये लिहितो, आणि ही फाइल साधारण १६ एमबीची असते. पीजीबॅकरेस्टकडे ती भरल्यावर जाते. म्हणजे डिस्क गेली त्या वेळी अर्धवट भरलेल्या फाइलमधल्या नोंदी हातच्या जातात. रहदारी कमी असेल तर फाइल भरायला तास लागू शकतो, म्हणून आर्काइव्ह टाइमआउट (फाइल भरली नसली तरी ती पाठवण्याची मुदत) ५ मिनिटांसारखा ठेवावा लागतो. बारमन मात्र स्ट्रीमिंगने नोंदी लिहिल्या जातील तशा ओढत राहतो, त्यामुळे नुकसान फार तर काही क्षणांचं. त्याला सिंक्रोनस करून नुकसान शून्यावरही आणता येतं. पण तेव्हा प्रत्येक कमिट (बदल पक्का करण्याची पायरी) बॅकअप सर्व्हरची वाट पाहतो, आणि तो एकटाच सिंक्रोनस असेल व बंद पडला तर सगळे व्यवहार अडकतात. पैशाच्या नोंदी असतील तर मी बारमनचं साधं स्ट्रीमिंग ठेवतो. सिंक्रोनसच्या वाटेला दोन बॅकअप सर्व्हर असल्याशिवाय जाऊ नये.

डेटा मोठा झाला की पारडं दुसरीकडे झुकतं. पीजीबॅकरेस्ट एकाच वेळी अनेक प्रोसेस लावून कॉपी, कॉम्प्रेशन आणि तपासणी करतो, एन्क्रिप्शन त्यातच आहे, आणि बॅकअप थेट ॲमेझॉनच्या एस३, मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर किंवा गूगलच्या क्लाउड स्टोरेजवर ठेवतो. रिस्टोअर करताना डेल्टा पर्याय दिला की जुन्या फोल्डरमधल्या जुळणाऱ्या फाइली तशाच ठेवून फक्त बदललेल्या आणतो. एक-दोन टीबीच्या डेटाबेसला याने तासांचा फरक पडतो. बारमनची स्ट्रीमिंग पद्धत पीजी-बेसबॅकअप हा पोस्टग्रेसचाच प्रोग्राम वापरते आणि तो एकाच धाग्याने, म्हणजे कामं समांतर न करता, चालतो. पोस्टग्रेस १७ पासून, म्हणजे २०२४ पासून, बारमनलाही फक्त बदललेले ब्लॉक घेता येतात, पण सर्व्हर त्या आवृत्तीवर हवा. क्लाउडसाठी बारमनच्या वेगळ्या कमांड आहेत. त्या सहसा डेटाबेस सर्व्हरवरूनच चालवतात, म्हणजे ‘काही बसवायचं नाही’ हा फायदा गेला.

जोडणी झाली की नाही हे पाहायला दोघांकडे ‘चेक’ आहे. नव्या सर्व्हरला बारमनचा चेक चालवला की पहिल्यांदा वॉल आर्काइव्हसमोर ‘फेल्ड’ दिसतं. घाबरू नका, अजून एकही फाइल आलेली नसते एवढंच. ‘स्विच-वॉल’ला (चालू वॉल फाइल बंद करून नवी सुरू करणारी कमांड) फोर्स आणि आर्काइव्ह हे पर्याय देऊन चालवा, की ती ओळ हिरवी होते. पीजीबॅकरेस्टचा चेक मला जास्त आवडतो, कारण तो स्वतः वॉल फाइल बदलायला लावतो आणि ती बॅकअपच्या जागी पोचेपर्यंत थांबतो. ही खात्री किती महत्त्वाची ते कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबने जाहीरपणे सांगितलं आहे. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या मुख्य डेटाबेसचं फोल्डर चुकून पुसलं गेलं, तेव्हा कळलं की पीजी-डंप ९.६ ऐवजी ९.२ आवृत्तीचा चालत होता आणि रोज फसत होता. अपयशाच्या मेल जात होत्या, पण त्यांवर डिजिटल सही नसल्यामुळे नाकारल्या जात होत्या. एका इंजिनिअरने सुमारे ६ तास आधी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवर (त्या क्षणाच्या प्रतीवर) त्यांचं निभावलं.

सर्व्हरची नोंद काढून टाकण्याबद्दल मात्र कुणी सांगत नाही. एका ठिकाणी आम्ही बारमनचा जुना सर्व्हर बंद केला, कॉन्फिग फाइल काढली आणि काम संपलं असं समजलो. डेटाबेसवरचा रेप्लिकेशन स्लॉट तसाच राहिला. स्लॉट म्हणजे पोस्टग्रेसला दिलेला शब्द की समोरच्याने घेतल्याशिवाय वॉल फाइल पुसायची नाही. समोरचा कायमचा गेलेला. नवव्या दिवशी पहाटे डिस्क १०० टक्के भरली आणि डेटाबेस थांबला. तेव्हापासून स्लॉट काढण्याची ओळ मी फाइल काढण्याच्या आधी लिहितो, आणि पोस्टग्रेस १३ पासून आलेली स्लॉटसाठीची वॉल मर्यादा नेहमी घालतो, कारण ती मुळात अमर्याद असते. पीजीबॅकरेस्टमध्ये हाच धोका मागे राहिलेल्या आर्काइव्ह कमांडचा आहे. तिथे पाठवायच्या राहिलेल्या वॉल फाइलींच्या रांगेची कमाल मर्यादा घालता येते. ती ओलांडली की तो वॉल फाइली सोडून देतो. सर्व्हर वाचतो, पण पुढचा बॅकअप होईपर्यंतच्या मधल्या वेळेत परत जाता येत नाही.

पोस्टग्रेसची आवृत्ती बदलताना पीजीबॅकरेस्ट सोपा: पीजी-अपग्रेडनंतर ‘स्टॅन्झा-अपग्रेड’ आणि लगेच पूर्ण बॅकअप. बारमनमध्ये सर्व्हरची ओळख बदलल्याने चेक फसतो, म्हणून नव्या नावाने नोंद करणं बरं.

सुरुवातीच्या त्या २०० जीबीच्या चार-पाच सर्व्हरसाठी, मशीन आपल्या ताब्यात असतील आणि ५ मिनिटांचं नुकसान चालणार असेल, तर मी पीजीबॅकरेस्ट लावेन. एक मिनिटही चालणार नसेल, तर बारमन.